‘तीन वर्षं गप्प बसा, कार्डाचं कर्ज संपतं’ म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा आला. पाठवणारे तिघे वेगळे, मजकूर शब्दशः तोच. गोषवारा असा: क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी असेल तर एक पैसाही भरू नका. तीन वर्षं उलटली की कर्ज कायद्यानेच रद्द होतं. बँक ते राइट ऑफ करते, म्हणजे माफच करते. फारच मागे लागले तर निम्म्याहून कमी रकमेत सेटलमेंट करा, सिबिल (म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट आणि स्कोअर) क्लीन. तरीही नाही झालं तर पाच हजारांत स्कोअर साडेसातशेवर नेऊन देणारे लोक आहेत. खाली ‘जनहितार्थ’.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. गृहकर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ‘अहो, तुमचं एक जुनं कार्ड दिसतंय’ असं सांगायची वेळ माझ्यावर किती वेळा आली असेल, त्याची मोजदाद नाही. म्हणून हा खटाटोप.

तीन वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती इतकी पसरते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा थकबाकीच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत टळली की कोर्ट तो दावा फेटाळतं. पण बंद होतो तो कोर्टाचा दरवाजा, देणं नाही. बँक पत्र पाठवू शकते, फोन करू शकते (सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे), ती थकबाकी एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकूही शकते. मग ज्या कंपनीचं नावही कधी ऐकलं नव्हतं तिची नोटीस दारात येते.

बरं, तीन वर्षं मोजायची कुठून? मुदत संपण्याआधी तुम्ही ‘एवढी बाकी मान्य आहे, दिवाळीनंतर भरतो’ असं लिहून सही केलीत, तर त्याच कायद्याच्या कलम 18 प्रमाणे सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदतीत थोडी रक्कम भरली आणि त्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद असली, तर कलम 19 तेच करतं. आणि मुदत संपून गेल्यावर ‘हे पैसे मी देईन’ असं लेखी वचन सहीनिशी दिलंत, तर करार कायद्याचं कलम 25 ते वचन वैध मानतं. मेलेला दावा तुमच्याच सहीने जिवंत होतो. वसुलीवाला ‘नुसती पोच आहे, सही करा’ म्हणतो तेव्हा तो कागद वाचायचा तो यासाठी.

शिवाय बँक तीन वर्षं झोपून राहील, हे या मेसेजवाल्याने कशावरून धरलं? पुष्कळदा त्याआधीच लोक अदालतीची नोटीस येते, दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे कोर्टात दावा लागण्याआधीच. तिला घाबरायचं कारण नाही, तिथे तुमच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही. पण एकदा सही झाली की त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नसतं. झेपेल तोच आकडा कबूल करावा. आणि पगाराचं खातं किंवा एफडी त्याच बँकेत असेल, तर कार्डाच्या करारात त्यातून वळती करून घेण्याचं कलम आहे का, ते आजच बघा.

राइट ऑफचं थोडक्यात सांगते. बँक आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढते, तुमच्या डोक्यावरून नाही. वसुली चालूच राहते आणि तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये ‘रिटन ऑफ’ हा शेरा बसतो. कर्ज विभागात त्याच्याइतका वाईट शेरा क्वचितच दिसतो.

आता सेटलमेंट. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण निघालं आणि पूर्ण रक्कम भरणं खरंच शक्य नाही, तर सेटलमेंट करण्यात काही गैर नाही. मी स्वतः लोकांना तसं सुचवलं आहे. पण तिने सिबिल क्लीन होतं हे साफ खोटं. पूर्ण भरलेलं खातं ‘क्लोज्ड’ दिसतं, तडजोडीचं ‘सेटल्ड’. पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ असा घेतो की आधीच्याने यात पैसे सोडले. क्रेडिट माहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपावी लागते. पुढे ऐपत आली, तर सोडलेली बाकी भरून शेरा बदलायची विनंती बँकेकडे करता येते.

करायचीच तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. कार्ड क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि त्यानंतर काहीही देणं उरणार नाही हे वाक्य, सगळं त्यात हवं. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, वसुली एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही. मग नो ड्यूज प्रमाणपत्र घेऊन जपून ठेवा.

ग्रुपवर वहिनींनी विचारलं, ‘मग नुसतं मिनिमम ड्यू भरत राहिलं तर?’ वहिनी, हिशोब करू. बाकी 50,000, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 1,750. त्यावर 18 टक्के जीएसटी 315. झाले 2,065. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरायची किमान रक्कम, बाकीच्या पाच टक्के धरला तर 2,500. मुद्दलातून फिटले 435 रुपये. त्यात नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेलेली असते, त्यामुळे त्याच कार्डावर भरलेला किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजात. वर्षाला तीस टक्क्यांवर व्याज लावता येत नाही असं कुणी सांगितलं, तर तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय होता आणि सुप्रीम कोर्टाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण मिळत असेल तर ते घेऊन कार्ड मिटवणं परवडतं, फक्त कार्ड पुन्हा बाहेर काढायचं नाही.

राहिले पाच हजारांत स्कोअर वाढवून देणारे. भारतात क्रेडिट माहिती कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याची सोय एकीकडेही नाही. चुकीची नोंद असेल, म्हणजे न घेतलेलं कार्ड किंवा फेडूनही दिसणारी बाकी, तर तक्रार फुकट करता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून आहे. प्रत्येक कंपनीचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. एजंट बहुधा हीच फुकटची तक्रार तुमच्या नावाने टाकतो, वर तुमचा पॅन आणि ओटीपी त्याच्या हाती जातो. खरा स्कोअर वर येतो तो बाकी मिटवून आणि नंतर एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घेऊन त्याचं बिल महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरून. कंटाळवाणं काम आहे, आणि महिने जातात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. चार अंगठे आले. रात्री भाच्याचा वेगळा मेसेज: ‘मावशी, माझं एक 2019 चं कार्ड आहे. परवा कुणीतरी कागद घेऊन आलं होतं.’ त्याला म्हटलं, सही केली नसशील तर करू नकोस. चारही रिपोर्ट काढ, बाकी आता बँकेच्या नावावर आहे की दुसऱ्या कंपनीच्या ते बघ, शेवटचे पैसे कधी भरलेस ती तारीख शोध, आणि शनिवारी सगळं घेऊन घरी ये.