मंडळीचा (म्हणजे चर्चचा) पैसा हलला? घाबरू नका, असं करा

सगळ्यात आधी एक करा, खजिनदाराला बाजूला घ्या आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. पाळकसाहेबांनी, म्हणजे पास्टरनी, बिल्डिंग फंडातले पैसे दुसरीकडे फिरवलेत असं त्याला दिसलं ना, मग प्रॉब्लेम त्याच्यातच आहे, इतकी वर्षं गपगुमान सही करणाऱ्या माणसाला अचानक बँक स्टेटमेंट बघावंसं वाटतंच कसं. मग बायबलमधलं १ तीमथ्य ५:१९ काढा, दोघातिघा साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा) आरोप ऐकून घेऊ नको. एवढंच वाचायचं. पुढच्याच वचनात पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दाखव असं लिहिलंय, तिथं पोचायच्या आत कोणीतरी गीत सुरू करा. आणि साक्षीदार दोघंतिघं येणार कुठून, चेकवर सह्या तर साहेबांच्या आणि साहेबांच्या मेहुण्याच्या!

तरी कोणी ऐकत नसेल तर सिंगापूरची सिटी हार्वेस्ट चर्च डोळ्यासमोर ठेवा, मोठी माणसं, आपण त्यांच्याकडून शिकायचं. तिथल्या पास्टर काँग ही यांच्या पत्नी पॉप गायिका, आणि त्यांच्या गाण्यांतून चर्चला न येणाऱ्या लोकांपर्यंत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, पोचवायची असा मोठा प्लॅन होता. २००३ मध्ये एका सभासदाने उघडपणे विचारलं की बाईंच्या गाण्यांवर मंडळीचा पैसा का जातोय. शेवटी त्यालाच पेपरात जाहिरात देऊन माफी मागावी लागली. बघा किती सोपंय. त्यानंतर बिल्डिंग फंडातले २.४ कोटी सिंगापूर डॉलर बाँड म्हणून आपल्याच हातातल्या कंपन्यांत गेले, तिथून बाईंच्या अमेरिकेतल्या करिअरला, आणि ते खात्यावर दिसू नये म्हणून आणखी २.६ कोटी गोल फिरवून आणले, म्हणजे मंडळीचेच पैसे मंडळीला परत केल्यासारखे. आणि चर्चकडून काय सांगितलं गेलं, तर पैसे व्याजासकट परत आलेत, नुकसान काहीच नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा राव, कुठल्याही जनरल बॉडी मीटिंगला चालतं.

दुर्दैवाने तिथं धर्मादाय आयुक्त नुसता बोर्ड लावून बसत नाही आणि पोलीस पण फाईल वाचतात. २०१० मध्ये चौकशी, २०१५ मध्ये सहा जण दोषी, काँग ही यांना आठ वर्षं, २०१७ मध्ये अपिलात ती साडेतीन झाली. कोर्टाने असंही मान्य केलं की त्यांनी स्वतःच्या खिशात काही घातलं नव्हतं, आता ही ओळ मात्र तुम्ही मोठ्या अक्षरात छापून नोटीस बोर्डावर लावा, कारण फंड ज्या कामासाठी गोळा केला त्याच कामाला वापरायचा असतो ही बारीकशी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरली की मग अवघड होतं सगळं.

घरच्यांना सोबत घेतलंत तर अजून बरं. कोरियात सोलची योईडो फुल गॉस्पेल, जगातल्या सगळ्यात मोठ्या मंडळ्यांपैकी एक, तिथं संस्थापक पाळक डेव्हिड योंगी चो यांच्या मुलाचे शेअर मंडळीने बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने घेतले, नुकसान १३ अब्ज वॉनच्या आसपास. २०१४ मध्ये बापाला तीन वर्षांची शिक्षा झाली पण ती स्थगित, आत गेला मुलगा. म्हणून म्हणतो, मुलाला ट्रस्टी करून ठेवाच!

आपल्याकडे तर काळजीच नको. जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते म्हणे, लागू दे की. तुम्ही भावनेचं बघा. आरोप झाला की साहेबांनी रविवारी स्टेजवर रडायचं, 'माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने नेमलेल्यांना) हात लावू नका' हे वचन दोनदा म्हणायचं, आणि मग क्षमा. क्षमा म्हणजे हिशोब न मागणं, हे तर संडे स्कूलच्या पोरालापण माहीत असायला हवं. जे पैसे गेले ते गेले, त्यावर बोलणारा तो कडू मनाचा.

आणि पुढचं करिअर संपलं असं अजिबात समजू नका. अमेरिकेत धर्मप्रचारक जिम बेकर टीव्हीवर हजार हजार डॉलर घेऊन लोकांना रिसॉर्टमध्ये दरवर्षी तीन रात्री, जन्मभर, अशी मेंबरशिप विकायचे, खोल्या होत्या त्याच्या कितीतरी पट मेंबर. १९८९ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा ठोठावली, ती नंतर कमी झाली, १९९४ मध्ये बाहेर आले, आणि काही वर्षांनी परत टीव्हीवर, ह्यावेळी जगबुडीसाठी साठवायच्या जेवणाच्या बादल्या विकत.

हां, हिशोब अजिबातच घ्यायचा नाही असं मी म्हणत नाही. हार्वेस्ट फेस्टिवलला महिला मंडळाने वड्यांचा स्टॉल लावला होता, त्यात २४० रुपये कमी भरलेत, तेलाचं बिल पण नाहीये. पुढच्या कमिटी मीटिंगला त्या बायकांना बोलवा आणि लेखी घ्या.