फरशी तापवली म्हणून कोरडेपणा जात नाही
उंचावरच्या वाळवंटी भागात फरशीखालून गरम पाणी फिरवलं, की घरातली हवा कोरडी पडत नाही, असा दावा फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. फरशी हवेतलं पाणी शोषत नाही, हे बरोबर. पण ते कुठलाच हीटर शोषत नाही. कोरडेपणा बाहेरून येतो. शून्य अंश सेल्सिअसची, 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली, की आर्द्रता जेमतेम 12 टक्के उरते, मग ती कशानेही तापवा. गरम हवा फुंकणाऱ्या हीटरसारखा पंखा फरशीत नसल्याने धूळ कमी उडते, गळक्या डक्टांचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, प्रश्नही येत नाही. हा फायदा खराच. पण ओठ फुटत असतील, लाकूड तडकत असेल, तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लागेलच.