घरगुती धन्वंतरींस सप्रेम

औषध आणलं की आधी त्यातला माहितीचा कागद फेकून द्या. एवढ्या बारीक अक्षरात छापलाय, म्हणजे तो कुणी वाचू नये हीच छापणाऱ्याची इच्छा. मग गोळी कापून घेताना कात्री नेमकी मुदतीच्या तारखेवरून फिरवा. तारीखच उरली नाही, तर मुदत संपणार कशी?

डबा बाथरूममध्ये ठेवा. रोजची वाफ मिळाली की गोळ्या सुखावतात. ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास सुटला तर ती मुरली म्हणायची. ओलाव्याने तिचं विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होतं वगैरे रसायनशास्त्रवाले सांगतील. त्यांना मुरण्यातलं काय कळतंय! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. तुम्ही थेट बर्फाच्या कप्प्यात ढकला. गोठलं की ते वापरायच्या लायकीचं राहत नाही, पण बाटली कशी गारेगार लागते!

कणकण आहे? पॅरासिटामॉल घ्या. नाक वाहतंय? सर्दीची गोळी. अंग दुखतंय? आणखी एक. तिन्हींत पॅरासिटामॉलच असेल कदाचित, पण पट्ट्यांचे रंग तर वेगळे आहेत! धडधाकट मोठ्या माणसानेही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. एवढा हिशोब ठेवायला तुम्ही काय कारकून आहात? शिवाय यकृत भारी सोशिक. मात्रा जास्त झाली तरी पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तीही नाही. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणूनच ‘बघू सकाळी’ म्हणून पांघरूण ओढावं.

सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारत नाही; तरी घ्याच, रिकाम्या हाताने कसं बसायचं? दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. जुनी गोष्ट झाली ती.

आणि हो, नातवाला औषध पाजताना ‘चॉकलेट आहे’ असंच सांगत जा. मुलांना उघडू नये म्हणून बनवलेलं ते दाबून फिरवायचं झाकण तुम्हाला उघडत नसेल, तर बाटली त्याच्याकडेच द्या. तो चुटकीसरशी उघडतो.