बैठक सरकली विधानसभेची, ग्रामसभा काऊन रद्द?

नागपूरच्या अधिवेशनात आमदारांना एका सोहळ्याला जाता यावं म्हणून विधानसभेची एक बैठक पुढे सरकली, आणि त्यावर मेसेज फिरतोय: ‘आमदारांना सोहळ्याला जाता यावं म्हणून विधानसभेची बैठक पुढे ढकलणं बेकायदेशीर, त्याने अधिवेशन मोडतं, विधेयकं बाद होतात. आणि आमदारांना चालतं तर सरपंचालाही चालतं, सोहळा असला की ग्रामसभा आपोआप रद्द, कोणी जाऊ नका.’ हा मेसेज आता काकांनीही घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणून लिहावं लागतंय.

बेकायदेशीर म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचं अनुच्छेद 174 वाचावं. अधिवेशन बोलावणं आणि संस्थगित करणं, म्हणजे संपवणं, राज्यपालांकडे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड नको. अधिवेशन चालू असताना कोणत्या दिवशी बसायचं ते सभागृहाचं काम. कामकाज सल्लागार समितीत ठरतं, अध्यक्ष जाहीर करतात. विधेयकं तर अधिवेशन संस्थगित झालं तरी बाद होत नाहीत, मग एका दिवसाने काय होणार?

एवढं मात्र कबूल करावं लागतं की बैठक सरकवणं ही सोय आहे, नाइलाज नाही. अनुच्छेद 189 प्रमाणे गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश सदस्य लागतात, म्हणजे 288 पैकी 29. बाकीचे मांडवात बसले तरी कामकाज चालू शकतं. नागपूरचं अधिवेशन आधीच तोकडं, आणि प्रश्नोत्तरांचे दिवस खात्यांना वाटून दिलेले. भरपाईच्या बैठकीत प्रश्नोत्तरं ठेवली नाहीत, तर त्या दिवशीचे मंत्री तोंडी उत्तरातून अलगद सुटतात. राग काढायचा तर यावर काढा.

पण खरा घात मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे. ग्रामसभा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 खाली होते. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा: 600 मतदारांच्या गावात 90, 1,200 च्या गावात 100. (गडचिरोलीतल्या पेसा गावांचे, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांचे, नियम वेगळे.)

आता मेसेज वाचून लोक घरी बसले की काय होतं ते पाहा. सभा रद्द होत नाही, गणपूर्तीअभावी तहकूब होते, म्हणजे पुढच्या तारखेवर जाते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते! विषय तेच, माणसं पंधरा-वीस, तीही बहुतेक एकाच पार्टीची. घरकुलाची यादी तिथेच मंजूर होते, प्रोसिडिंगवर (सभेच्या इतिवृत्तावर) ठराव चढतो, आणि वगळलेल्याला पुढे पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ‘आम्हाला वाटलं सभा रद्द झाली’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

दवंडीत किंवा ग्रुपवर ‘सभा रद्द’ ऐकलं तर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस पाहा. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, त्यात तारीख, वेळ, विषय असतात. तारीख बदलल्याची सही-शिक्क्याची नोटीस नसेल तर जुन्याच वेळेला जा, हजेरी रजिस्टरवर सही करा. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख त्याच बैठकीत विचारून घ्या आणि तीही प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा.