‘जो काम करत नाही त्याला अन्न देऊ नका’ या संदेशाबाबत खुलासा

‘जो काम करत नाही त्याला अन्न देऊ नका, असे येशूने सांगितले आहे’ हा संदेश सध्या फिरत असून, गेल्या आठवड्यात मीही तो मूळ न तपासता पुढे पाठवला होता, याबद्दल दिलगीर आहे.

हे वाक्य बायबलमधील, येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत नाही. ते पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या नावे असलेल्या, आजच्या ग्रीसमधील थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात येते, आणि तेथेही शब्द निराळे आहेत. मूळ ग्रीकमध्ये ‘इच्छा असणे’ या अर्थाचे क्रियापद असल्यामुळे रोख काम न मिळणाऱ्यावर, आजाऱ्यावर किंवा वृद्धावर नसून, अंगात बळ असूनही काम करायचेच नाही असे ठरवलेल्यांवर आहे. पुढच्याच वचनात काही जण काहीच काम न करता नसत्या उठाठेवी करतात, अशी तक्रार आहे. संदेश लिहिणाऱ्याने तेराव्या वचनापर्यंत वाचले असते तर ‘बरे करताना खचू नका’ ही सूचनाही त्याला दिसली असती.

पौल स्वतः तंबू बनवण्याचा व्यवसाय करी, असे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. गरिबांची आठवण ठेवण्याबाबत आपण उत्सुक होतो, असेही तो गलतीकरांना, म्हणजे गलतीयातील ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहितो. त्यामुळे भुकेल्याला नकार देण्यासाठी हे वचन वापरणे मला अन्यायाचे वाटते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.