दोन नेटवर्क कार्डे म्हणजे दुप्पट वेग नव्हे

लिनक्स किंवा बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या लॅपटॉपविषयी एक सल्ला सर्रास दिला जातो: केबल आणि वायफाय दोन्ही एकाच राउटरला जोडा, दोन्ही नेटवर्क कार्डांना तोच गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचा दरवाजा) द्या, त्याने काही बिघडत नाही, वेग दुप्पट होतो आणि एक जोडणी तुटली तरी काम चालू राहते. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

वेग वाढत नाही, कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, भार वाटत नाही, मार्ग निवडतो. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) बाहेर पाठवताना तो रूटिंग टेबलमधील, म्हणजे मार्गांच्या यादीतील, सर्वांत नेमकी नोंद शोधतो आणि दोन नोंदी सारख्याच नेमक्या असल्या, तर लिनक्समध्ये कमी मेट्रिकची (मार्गाचा पसंतीक्रम ठरवणाऱ्या आकड्याची) नोंद घेतली जाते. लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर मुळातच केबलला 100 आणि वायफायला 600 मेट्रिक देतो, त्यामुळे वायफाय जवळजवळ रिकामेच राहते.

‘काही बिघडत नाही’ हे विधान सर्वांत घातक आहे. लिनक्स आयपी पत्ता एका कार्डाचा नव्हे, तर संपूर्ण यंत्राचा मानतो. म्हणून वायफायच्या आयपी पत्त्याबद्दल आलेल्या एआरपी विचारणेला (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला) केबलचे कार्डही स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर पत्ता, देऊन उत्तर देते, आणि शेजारच्या यंत्राकडे कधी हा, तर कधी तो मॅक पत्ता नोंदला जातो. त्यातच आरपी फिल्टर (आलेल्या पॅकेटचा परतीचा मार्ग तपासणारी कर्नलची सेटिंग) कडक, म्हणजे 1 या मूल्यावर असेल, तर वायफायवर आलेले पण परतीचा मार्ग केबलकडे दाखवणारे पॅकेट कर्नल मुकाट्याने टाकून देतो. फायरवॉलचे नियम तपासण्यात तासन्‌तास जातात आणि दोष मात्र मांडणीत असतो. दोन कार्डे खरोखर हवी असतील, तर त्यांना वेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) द्यावेत आणि डीफॉल्ट मार्ग, म्हणजे दुसरी नोंद लागू नसेल तेव्हाचा मार्ग, एकाच कार्डाकडे ठेवावा.

जोडणी तुटण्याबाबतचे विधान अर्धेच खरे आहे. केबल काढल्यावर नव्या जोडण्या वायफायने जातात, पण चालू असलेले एसएसएच सत्र (दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करण्याची सुरक्षित जोडणी) केबलच्या आयपी पत्त्याशी बांधलेले असल्यामुळे गोठते. ते टिकवायचे असेल, तर दोन्ही कार्डांवर मिळून एकच आयपी पत्ता असायला हवा. अनेक कार्डे एकत्र बांधण्याच्या सोयीला लिनक्समध्ये बाँडिंग आणि बीएसडीपैकी फ्रीबीएसडीमध्ये लॅग म्हणतात; बाँडिंगचा अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप प्रकार आणि लॅगचा फेलओव्हर प्रकार हे काम करतो. मात्र वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) सहसा अनोळखी मॅक पत्त्याची पॅकेटे स्वीकारत नसल्याने फ्रीबीएसडीवर दोन्ही कार्डांचा मॅक पत्ता आधी एकच करावा लागतो.