विरोधी पक्ष पाळणाऱ्यांसाठी काही सूचना

मत दिलं की आपलं काम संपलं, असं वाटत असेल तर तुम्ही बहुधा जिंकलेल्या बाजूचे मतदार आहात. त्यांचं खरंच संपतं. आपलं, म्हणजे हरलेल्यांचं काम निकालानंतर सुरू होतं. ज्या पक्षाला मत दिलं त्याला उठवायचं, तोंड धुवायला लावायचं आणि विरोधी बाकावर नेऊन बसवायचं. शाळेला दांडी मारणारं पोर घरात असेल तर तुम्हाला थोडा सराव असेल. पोट दुखतंय हे कारण तिथेही असतं. इथे त्याला संख्याबळ म्हणतात.

तर आधी पोटदुखीचं बघू. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या 288 पैकी तुमच्या, म्हणजे महाविकास आघाडीच्या वाट्याला आले ठाकरेंच्या शिवसेनेचे 20, काँग्रेसचे 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे 10. बेरीज 46. एकट्या शिंदेंच्या शिवसेनेचे 57, तिथवरही ही बेरीज पोचत नाही. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे 29 आमदार लागतात, असं तुम्हाला सांगितलं जाईल. तुम्ही मान हलवा. हा आकडा राज्यघटनेत कुठेही नाही, हे चारचौघांत बोलू नका. 1978 चा कायदा काढून बसू नका. त्यात फक्त विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे, आणि मान्यता ही देणाऱ्याच्या सवडीने मिळते. कृष्णराव धुळपांचं नाव तर अजिबात काढू नका. 1962 साली 264 च्या सभागृहात शेतकरी कामगार पक्षाचे 15 आमदार होते, तरी धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षं राहिले. टक्केवारी काढलीत तर पावणेसहाच्या आसपास येते, आजच्या वीस जणांची जवळजवळ सात. हे ऐकवलंत तर ‘तो काळ वेगळा होता’ असं उत्तर मिळेल. वेगळा होताच. तेव्हा विरोधी पक्षनेता विरोध करत असे.

मार्च 2025 मध्ये विधानसभेतल्या विरोधी पक्षनेतेपदासाठी ठाकरेंच्या शिवसेनेच्या भास्कर जाधवांच्या नावाचं पत्र अध्यक्षांकडे गेलं. ऑगस्टमध्ये अंबादास दानवेंची मुदत संपली आणि विधान परिषदेतली खुर्चीही मोकळी झाली. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं. पत्राची पोच मिळाली असणारच. आपल्याकडे पोच मिळते.

पण त्या खुर्चीसाठी फार जीव टाकू नका. तिच्यावर बसून गेलेल्यांची यादी एकदा वाचा. नारायण राणे 2005 साली तिथून उठले आणि त्याच वर्षी ज्यांच्या विरोधात बसले होते त्यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. 2014 साली एकनाथ शिंदे महिनाभरही बसले नाहीत. 5 डिसेंबरला मंत्री. मग राधाकृष्ण विखे पाटील, साडेचार वर्षं विरोध करून जून 2019 मध्ये समोरच्या बाकावर. 2 जुलै 2023 ला तर विरोधी पक्षनेते अजित पवारच उपमुख्यमंत्री झाले. एसटी स्टँडवरचं बाकडं असतं तसं हे आहे. बसलेला माणूस तिथे राहायला आलेला नसतो, त्याची गाडी लागायची असते.

(2014 ते 2019 या काळात सत्तेत बसूनच विरोध करण्याची सोयही निघाली होती. शिवसेनेच्या मंत्र्यांचे राजीनामे खिशात असत. पाच वर्षं ते खिशातच राहिले. धोब्याकडे कपडे टाकताना काय करत असतील, हे मला तेव्हापासून पडलेलं कोडं आहे.)

बहिष्कार हे आपलं दुसरं हत्यार. 7 डिसेंबर 2024 ला आघाडीच्या आमदारांनी ईव्हीएमच्या निषेधार्थ शपथ घेतली नाही. 8 डिसेंबरला घेतली. मधल्या एका रात्रीचा विरोध तुमच्या खात्यावर जमा आहे, जपून वापरा. त्याच आठवड्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतःच मतपत्रिका छापून गावात पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे तिथे आघाडीचा उमेदवार निवडूनच आला होता. जिंकलेल्याचे मतदार म्हणत होते, आमच्या गावातली मतं कमी दिसतात. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान बारगळलं. बडे नेते नंतर आले, सभा झाली. क्रम पाठ करून ठेवा: आधी तुम्ही, मग पोलीस, मग नेते.

आता लेखी काम. संघटना बेकायदेशीर ठरवण्याची मुभा सरकारला देणाऱ्या जनसुरक्षा विधेयकावर सूचना-हरकती मागवल्या तेव्हा बारा हजारांहून जास्त आल्या. त्यातली एक माझी. दोन रात्री जागून लिहिली, ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दाची व्याख्या किती सैल आहे यावर दीड पान खर्च केलं, बायकोकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. विधेयक तेव्हा संयुक्त समितीकडे होतं. समितीत आपलीही माणसं होती, त्यामुळे मी निर्धास्त. 10 जुलै 2025 ला ते विधानसभेत आलं आणि आवाजी मतदानाने मंजूर झालं. ठाम विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोलेंनी. माकपचे सभागृहातले एकमेव आमदार. संख्याबळ: एक. दुसऱ्या दिवशी परिषदेत आपल्या लोकांनी सभात्याग केला. विधेयक मंजूर झाल्यावर मात्र विरोधाला चांगली धार आली. लग्न लागल्यावर मुलगी पसंत नाही म्हणणारे मामा आपल्या घरातही असतात, तेव्हा तक्रार कुठे करणार?

मी केली. तुम्हीही करा, पण तयारीने जा.

माझा पक्ष कुठला ते सांगत नाही. तिघांपैकी कुठलाही धरा, तालुका कार्यालय सारखंच दिसतं. प्लास्टिकच्या सहा खुर्च्या, त्यातली एक मोडकी, तीच आपल्याला मिळते. मी निवेदन लिहून नेलं होतं. विषय: ‘आपल्या पक्षाने विरोधी पक्ष म्हणून काम करावे, याबाबत.’ तालुकाध्यक्ष वाढदिवसाच्या फ्लेक्सचं डिझाइन मोबाइलवर मोठं करून बघत होते. जिल्हाध्यक्षांचा फोटो आपल्यापेक्षा बोटभर मोठा असावा की अर्धा बोट, यावर फ्लेक्सवाल्याशी बोलणं चाललं होतं.

“बोला सर.”

मी निवेदन पुढे केलं. त्यांनी विषय वाचला, चष्मा वर केला. “बरोबर आहे तुमचं. आपल्याच लोकांनी आवाज उठवायला पाहिजे.”

“म्हणूनच तुमच्याकडे आलो.”

“आम्ही वर कळवतो. पण वरच्यांचं पण ऐकून घेतलं पाहिजे, सर. संख्याबळ नाही.”

“तालुक्यात आंदोलन करायला कसलं संख्याबळ?”

“पोरं येत नाहीत हो. तुम्ही किती आणाल?”

निवेदन कलेक्टर कचेरीत पक्षाने द्यायचं असतं, अशी माझी जुनी समजूत. 1972 च्या सुमाराला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध बायकांना घेऊन लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा पोळपाटावरच्या बाईने आधी पक्षाला निवेदन दिलं होतं का, ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि झेरॉक्सवर पोच दिली. मग एका पोराला बोलावून फोटो काढला. निवेदन मी त्यांना देतोय की ते मला, हे फोटोत कळत नाही. संध्याकाळी ग्रुपवर आला: ‘नागरिकांच्या समस्या जाणून घेताना.’ मी एकटाच गेलो होतो, तरी खाली ‘असंख्य कार्यकर्ते उपस्थित’. संख्याबळ वाढवायचं ठरवलं तर असं वाढतं.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी फोन करत राहिलो. तुम्हीही करा, उचलला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, उचलला तर जास्त वाटेल. चौथ्या खेपेला त्यांचाच फोन आला.

“सर, त्या निवेदनाची झेरॉक्स आहे ना तुमच्याकडे? ऑफिसची प्रत सापडेना.”

माझा आनंद आवाजात उतरला असावा. “आहे की! वर पाठवताय?”

“नाही, म्हणजे वरच, पण तिकडच्या. परवा आमचा प्रवेश आहे. साहेबांनी विचारलं, पक्ष का सोडला, तर काहीतरी लेखी पाहिजे. तुम्ही फार छान लिहिलंय, आपला पक्ष विरोधी पक्ष म्हणून काम करत नाही. जनतेची भावना आहे ती.”

झेरॉक्स नेऊन दिली. नवीन कार्यालय अजून रंगवायचं होतं, पण खुर्च्या त्याच सहा. पोच मागितली तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला, जुनाच शिक्का काढला, पॅडवर दोनदा आपटला.